नगरसेवक आपला की पक्षाचा? ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहते, कामाला रोज ठाण्याला जाते आणि सोसायटीच्या कमिटीवर बरीच वर्षं आहे. १५ जानेवारी २०२६ ला आपल्याकडे महापालिकेचं मतदान झालं, त्याच्या आधी दोन महिने आणि नंतरही लोक मला तेच तेच प्रश्न विचारत होते, लिफ्टमध्ये, ट्रेनमध्ये, हळदीकुंकवात. मी कुठल्याच पक्षात नाही. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलंय.

पक्ष तर लोकशाहीत लागतातच ना, मग पक्षीय राजकारणाने बिघडतं काय?

लागतात, शंभर टक्के लागतात. ठाण्यात १३१ नगरसेवक आहेत, नवी मुंबईत १११. एवढी माणसं आपापल्या मनाने बोलायला लागली तर बजेटसुद्धा पास व्हायचं नाही. पक्ष असला की निदान कळतं तरी की हे लोक कशासाठी उभे आहेत आणि पाच वर्षांनी जाब कोणाला विचारायचा.

बिघडतं ते तिकिटापाशी. उमेदवाराला पक्षाचं चिन्ह मिळतं एबी फॉर्मवर, आणि तो फॉर्म वॉर्डातले लोक देत नाहीत, वरून येतो, बरेचदा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी. दहा वर्षं गल्लीत राबलेला कार्यकर्ता बाजूला राहतो आणि आठवड्यापूर्वी पक्षात आलेल्याच्या हातात फॉर्म पडतो. मग निवडून आल्यावर तो कोणाला धरून राहणार? मत आपण दिलं, पण तिकीट ज्याने दिलं तोच पुढच्या वेळी ते कापू शकतो, म्हणून त्याचं तोंड तिकडे आणि पाठ आपल्याकडे. खालची उत्तरं वाचताना हे एवढं डोक्यात ठेवा, बाकी सगळं इथूनच सुरू होतं.

काम होतं ना शेवटी? श्रेयावरून भांडले तर आपलं काय जातं?

आपली वर्षं जातात. दिघा गाव स्टेशन आठवा. ठाणे-वाशी लाईनवर, ऐरोली आणि ठाण्याच्या मध्ये. २०२३ मध्ये कितीतरी महिने मी रोज खिडकीतून ते स्टेशन बघत होते, प्लॅटफॉर्म तयार, छप्पर तयार, नावाची पाटी लागलेली, आणि गाडी न थांबता पुढे. आमच्या डब्यात दिघ्याची एक मुलगी असायची, संध्याकाळी ठाण्याहून बसली की तिला आधी तिची बिल्डिंग दिसायची, ती मागे जायची, मग ऐरोलीला उतरून रिक्षाने परत उलटं यायचं. घर दिसतंय पण उतरता येत नाही, असं ती म्हणायची आणि मोबाईलमध्ये डोकं घालायची. तेवढ्या काळात उद्घाटन कधी, स्टेशन कोणामुळे झालं, यावर पक्षांची पत्रकं आणि आंदोलनं चालूच. शेवटी १२ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या दौऱ्यात अटल सेतू आणि उरण लाईनबरोबर दिघ्याचंही उद्घाटन झालं.

नवी मुंबई मेट्रोचंही तसंच. बेलापूर ते पेंधर, साधारण ११ किलोमीटर, काम २०११ ला सुरू झालं. उशिराला ठेकेदार, पैसा अशी बरीच कारणं होती, सगळा दोष राजकारणावर टाकणं बरोबर नाही. पण सुरक्षेचं सर्टिफिकेट आल्यावरही काही महिने मुहूर्ताची वाट बघण्यात गेले आणि मग १७ नोव्हेंबर २०२३ ला औपचारिक उद्घाटनाशिवायच मेट्रो सुरू झाली. ना मांडव ना फीत, लोक आले, तिकीट काढलं, बसले. म्हणजे फीत न कापता गाडी चालू शकते हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

एवढी वर्षं निवडणूकच का झाली नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला आणि याचंच उत्तर सगळ्यात लांब आहे.

आधी नियम. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, ती १ जून १९९३ पासून लागू झाली. त्यात स्पष्ट लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आता आपल्याकडे बघा. नवी मुंबई पालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. मतदान जानेवारी २०२६ ला. नवी मुंबईत साडेपाच वर्षांच्या वर नगरसेवकच नव्हता, ठाण्यात पावणेचार वर्षांच्या वर. जी मुलगी २०२० ला पंधरा वर्षांची होती तिने एकही नगरसेवक न बघता कॉलेज पूर्ण केलं.

पहिलं कारण कोरोना, ते खरंच होतं, त्यात कोणाचा दोष नाही. मग ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थानिक निवडणुकांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आयोग नेमून, आकडेवारी गोळा करून, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेत द्या. ओबीसी समाजाला त्याचा वाटा मिळायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण ती आकडेवारी गोळा करणं हे सरकारचं काम होतं, आणि तेव्हाचे सत्ताधारी म्हणत होते हे केंद्रामुळे झालं, विरोधातले म्हणत होते राज्याने वेळेत काही केलं नाही. मग २०२२ ला सत्ता बदलली, खुर्च्या बदलल्या आणि आरोपही तेवढ्याच पटकन इकडचे तिकडे झाले. त्यात प्रभागरचना बदलली, मग परत बदलली, ते पुन्हा कोर्टात गेलं. ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तीही मुदत पाळली गेली नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख पडली.

या काळात दोन्ही बाजूंचे पक्ष सत्तेत बसून गेले. कोणा एकाचं नाव घेऊन सुटता येत नाही. मला राग येतो तो याचा की निवडणूक लांबण्यात कुठल्याच मोठ्या पक्षाचं फार काही अडत नव्हतं, अडत होतं ते फक्त आपलं.

प्रशासक होता तेव्हा कामं झालीच की. उलट नगरसेवक नव्हते तेच बरं नव्हतं का?

हे म्हणणारे बरेच भेटतात आणि त्यांना मी वेड्यात काढत नाही, कारण नगरसेवकांनी त्यांना वैताग दिलेला असतो. पण पालिका चालते कशी ते बघा. आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी. कामाचा प्रस्ताव प्रशासन आणतं, पैशाची मंजुरी १६ सदस्यांची स्थायी समिती देते, मोठे निर्णय सगळ्या नगरसेवकांच्या महासभेत होतात. नगरसेवक नसले की आयुक्तच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याला सभागृहात उभं राहून "हे टेंडर एवढ्याला कसं गेलं" असं विचारणारं कोणी नाही. आणि अधिकाऱ्याची बदली मंत्रालयातून होते, म्हणजे त्यालाही वरच बघावं लागतं. पक्षाचं राजकारण गेलं असं वाटतं, पण ते फक्त पालिकेच्या इमारतीतून उठून मंत्रालयात जाऊन बसलेलं असतं, जिथे आपला हात पोचत नाही.

एका प्रभागात चार नगरसेवक, मग तक्रार घेऊन जायचं कोणाकडे?

कायद्याने चौघांकडेही जाता येतं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

माझी बहीण ठाण्यात राहते, तिथे २०१७ पासून चारचं पॅनल. त्यांच्या गेटसमोर गटाराचं झाकण तुटलं, चार फुटाचं असेल, मुलांची स्कूलबस तिथेच थांबते. त्यांच्या प्रभागात दोन नगरसेवक एका पक्षाचे, दोन दुसऱ्याचे. पहिल्याने सांगितलं तो पट्टा आम्ही त्यांना वाटून दिलाय, दुसऱ्याने सांगितलं माझा निधी संपला, तिसऱ्याच्या ऑफिसात मुलगा अर्ज घेऊन ठेवायचा, चौथ्या बाईंचा फोन त्यांचे मिस्टर उचलायचे. लोकांनी त्या खड्ड्यात एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची उलटी घातली आणि झाडाची फांदी खोवून तिला लाल फडकं बांधलं. पूर्ण पावसाळा ती फांदी तिथे, गणपती तिच्या बाजूने वळवून नेला. दिवाळीआधी एका सकाळी झाकण बसलं आणि संध्याकाळी एकाच खांबावर दोन बॅनर, दोन्हीवर "पाठपुराव्याला यश". बहिणीने मला फोटो पाठवला, त्यात बॅनर स्पष्ट दिसत होते, झाकण कुठे दिसतच नव्हतं.

आणि हे चारचं पॅनल आलं कुठून? मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०१९ ला सरकार बदललं तर परत एक ठरलं, २०२१ ला त्याच सरकारने तीन केले, २०२२ ला नवीन सरकारने परत चारवर आणलं. नवी मुंबईत २०१५ ला १११ प्रभाग होते आणि १११ नगरसेवक, सरळ हिशोब, माझा नगरसेवक कोण हे आमच्या वॉचमनलाही माहीत असायचं. आता २८ प्रभाग. पॅनलच्या बाजूने बोलणारे म्हणतात मोठा प्रभाग असला की मोठी कामं होतात आणि आरक्षणाच्या जागा त्याच प्रभागात बसतात, ते मुद्दे मान्य. पण पंचवीस वर्षांत इतक्या वेळा बदल झाले आणि एकदाही कोणी नागरिकांना विचारलं नाही की तुम्हाला काय सोपं पडतं, यावरून बदल कोणाच्या सोयीने होतात ते समजतं. मोठ्या प्रभागात अपक्षाला पोचणं कठीण, पक्षाला सोपं.

मत एका पक्षाला दिलं, नगरसेवक दुसऱ्याच पक्षात गेला. कायद्यात हे बसतं कसं?

१९६७ ला हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आयाराम गयाराम हा शब्द तिथला. त्यावर १९८५ ला पक्षांतरबंदी कायदा आला, आणि राजकीय पक्षांचा उल्लेख घटनेत आला तोच मुळी या दहाव्या परिशिष्टातून. आधी एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालायचं, २००३ ला ती पळवाट काढून टाकली. दोन तृतीयांश सदस्यांसह विलीनीकरण ही वाट मात्र उघडी राहिली. पालिका आणि जिल्हा परिषदांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा १९८६ चा आहे, तत्त्व तेच. म्हणून तर निकाल लागला की पक्षाचे नगरसेवक आधी बेलापूरला कोकण भवनात जाऊन विभागीय आयुक्तांकडे गट नोंदवतात.

झालं काय, तर एकट्याने जाणं बंद झालं आणि घाऊक जाणं सुरू झालं. नवी मुंबईत २०१५ ला राष्ट्रवादीचे ५२ नगरसेवक निवडून आले, भाजपचे सहा. सप्टेंबर २०१९ मध्ये इथले राष्ट्रवादीचे नेते गणेश नाईक भाजपमध्ये गेले, त्यांच्याबरोबर राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवक गेले. मतदाराने एक बटण दाबलं नाही आणि पालिकेची सत्ता दुसऱ्या पक्षाकडे. राज्यात जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. शिवसेनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ११ मे २०२३ ला निकाल आला की अपात्रतेचं अध्यक्षांनी ठरवावं, आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. कोण बरोबर कोण चूक यावर घराघरात वाद आहेत, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा साधा आहे, अध्यक्ष स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात, मग पक्ष कोणताही असो, हा निवाडा त्यांच्याकडे ठेवणं चूकच आहे.

अगदी ताजं अंबरनाथचं. जानेवारी २०२६ मध्ये तिथल्या नगरपरिषदेत भाजप आणि काँग्रेसच्या नगरसेवकांनी शिंदेंच्या शिवसेनेला बाजूला ठेवायला एकत्र आघाडी केली, काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते सगळे भाजपात गेले. डिसेंबरात पंजाचं बटण दाबलेल्या माणसाने काय समजायचं, तुम्हीच सांगा.

सरकार बदललं की आधीची कामं का थांबतात?

कारण आधीच्या सरकारचं काम चांगलं निघालं तर नाव त्यांचं होतं. मुंबईच्या मेट्रो तीनची कारशेड बघा, म्हणजे गाड्या ठेवायची जागा. २९ नोव्हेंबर २०१९ ला नव्या सरकारने आरेमधलं काम थांबवलं, २०२० ला ती कांजूरमार्गला हलवली, त्यावर हायकोर्टाची स्थगिती आली, २०२२ ला सत्ता बदलल्यावर परत आरे. झाडांचा प्रश्न खरा होता, लोकांनी मनापासून आंदोलन केलं होतं, पण शेवटी ना झाडं वाचली ना वर्षं. जलयुक्त शिवार, म्हणजे गावात पाणी अडवायची योजना, एका सरकारने आणलं, पुढच्याने बंद करून चौकशी लावली, त्यापुढच्याने दुसरा टप्पा सुरू केला. सरपंच थेट जनतेतून, २०१७ ला हो, २०२० ला नाही, २०२२ ला परत हो. जुलै २०२२ मध्ये आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या कितीतरी कामांना सरसकट स्थगिती मिळाली होती.

यात भरडला जातो तो खालचा अधिकारी. तो शिकतो की कुठल्याही फाईलवर मनापासून काम करू नये, दोन वर्षांनी तीच फाईल अंगाशी येते.

आम्ही १४ गावांतले. आम्ही नक्की कुठले?

सध्या नवी मुंबईचे. आधी पालिकेत होता, टॅक्सवरून आंदोलन झालं, २००७ ला गावं वगळली, मग सोयी मिळेनात म्हणून परत घ्या अशी मागणी झाली, २०२४ ला परत घेतली, आणि लगेच एकाच युतीतले दोन पक्ष खर्च कोणी करायचा यावरून आमनेसामने. तुमच्याकडे पाणी, रस्ता, दवाखाना कधी येणार याची चर्चा त्यात सगळ्यात कमी झाली. मला याचं वाईट वाटतं.

पक्षांना पैसा कुठून येतो हे माहिती अधिकारात विचारता येतं का?

कागदावर येतं. ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायदा लागू होतो असं सांगितलं. त्यात भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादी, बसपा आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, पण हा आदेश कोणीच पाळला नाही. निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायची सोय, ते मात्र सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, त्यामुळे थोडी तरी यादी लोकांसमोर आली.

मग पक्षाशिवायच निवडणुका घेतल्या तर?

जयप्रकाश नारायण पक्षविरहित लोकशाहीबद्दल बोलायचे. आणि आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आजही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पण गावाकडे कोणालाही विचारा, हे पॅनल कोणाचं आणि ते कोणाचं, लगेच सांगतील, आणि निकालाच्या संध्याकाळी सगळेच पक्ष एवढ्या-एवढ्या ग्रामपंचायती आमच्या म्हणून आकडे देतात. चिन्ह काढून पक्ष जात नाही. मला तरी वाटतं की पक्ष राहू देत, पण तिकीट कोणाला द्यायचं ते वॉर्डातल्या सदस्यांच्या मतदानाने ठरू दे. पक्षाच्या आतच निवडणूक नसेल तर बाहेरच्या निवडणुकीत आपल्याला त्यांनी निवडलेल्यातूनच निवडावं लागतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की पक्षांनी आपलं मत देशाच्या वर ठेवलं तर स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल. त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दलही त्यांनी सावध केलं होतं. मी ते भाषण दर वर्षी एकदा वाचते.

नोटा दाबून काही होतं का?

स्थानिक निवडणुकीत थोडं होतं. राज्य निवडणूक आयोगाचा नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक. विधानसभा, लोकसभेला तसं नाही. पॅनलमध्ये प्रत्येक जागेचं मत वेगळं असतं, एका जागेला नोटा आणि बाकीच्यांना मत असंही करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सोसायटीत पक्षावरून दोन गट पडलेत, बोलणं बंद झालंय. काय करावं?

आमच्याकडेही झालं. वीस वर्षं एकमेकांच्या घरी फराळाचं ताट देणारी दोन घरं एका व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून तुटली, आणि गंमत नाही, नंतर ते दोन्ही नेते एकाच स्टेजवर बसले. आम्ही ग्रुपमध्ये नियम केला, पाणी, गटार, लाईट, पार्किंग, एवढंच. पक्षाचं ज्याने त्याने आपल्या भिंतीवर टाकावं. घरं अजून नीट जुळली नाहीत, पण यंदा संक्रांतीला एकीने दुसरीला तिळगूळ दिला.

ठीक आहे, पण आपल्यासारख्याने करायचं काय?

पहिलं म्हणजे तक्रार नेत्याच्या हातात देऊन निघून यायचं नाही, वॉर्ड ऑफिसला लेखी द्यायची आणि पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसकट. पॅनल असेल तर चौघांना एकच पत्र, खाली चौघांची नावं, म्हणजे कोणी "मला माहीत नव्हतं" म्हणणार नाही. दाखले, नळजोडणी वगैरे ज्या सेवांना मुदत ठरलेली आहे त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदत उलटली की अपील करा, कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. कामाचा खर्च, टेंडर, मोजमाप हवं असेल तर माहिती अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. आणि क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, ती घ्या म्हणून मागत राहायचं, मिळत नाही म्हणून सोडायचं नाही.

आम्ही अजून एक केलं. प्रचाराला जो कोणी गेटवर आला, कुठल्याही पक्षाचा, त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि तेच तीन प्रश्न विचारले. नाल्याच्या भिंतीचं काम कधी, पक्ष बदलणार का, आणि महासभेत आमचा प्रश्न कितव्या महिन्यात मांडणार. उत्तर त्याच्यासमोर वहीत लिहिलं, खाली सही घेतली. काही जण सही न करता गेले, तेही लिहिलंय. दोनशे पानी लाल वही आहे, सध्या माझ्याकडे असते, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ती उघडतो.